डॉजर्सचा इतिहास कसा वाचावा : बेसबॉलकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लॉस एंजेलिस डॉजर्स हा संघ आज भारतात ओळखीचा झाला आहे तो प्रामुख्याने जपानी खेळाडू शोहेई ओतानीमुळे. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे या संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकेतील मेजर लीग या प्रमुख बेसबॉल स्पर्धेची अंतिम मालिका, जिंकली, त्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानापर्यंत पोहोचल्या आणि बेसबॉलविषयी कुतूहल असलेले अनेक नवे वाचक या संघाकडे वळले. मात्र ओतानीपासून सुरुवात करून तिथेच थांबणाऱ्याला डॉजर्स म्हणजे पैशाच्या बळावर गोळा केलेल्या नामांकितांचा संघ वाटू लागतो, आणि हे चित्र फारच अपुरे आहे. १८८३ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या संघाने अमेरिकेतील वर्णभेदाची एक मोठी भिंत पाडली, आपल्या गावाला पोरके करून तो साडेचार हजार किलोमीटर दूर निघून गेला आणि जिथे गेला तिथल्या जमिनीचा प्रश्नही त्याला कायमचा चिकटला.

माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की हा इतिहास विजेतेपदांच्या यादीवरून न वाचता दोन जागांवरून वाचावा : ब्रुकलिनमधील एबेट्स फील्ड आणि लॉस एंजेलिसमधील चावेझ रविन. या दोन जागा नीट समजल्या की खेळाडू, सामने आणि मालक आपोआप आपापल्या ठिकाणी बसतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : खेळ गरजेपुरता समजून घ्या

क्रिकेट जाणणाऱ्या माणसाला बेसबॉलचे सगळे नियम पाठ करण्याची गरज नाही. सामना नऊ डावांचा असतो आणि प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. तीन फलंदाज बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, तीन चेंडू वैध टप्प्यात येऊनही फलंदाजाला खेळता आले नाहीत, तर तो बाद होतो आणि त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. चार चेंडू टप्प्याबाहेर पडले, तर फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे मैदानावरच्या चार ठरावीक थांब्यांपैकी पहिला, चालत मिळतो. चारही बेस पार करून घरी परतलेल्या खेळाडूची एक धाव मोजली जाते. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळवले जातात, त्यामुळे नियमित हंगामात सामना अनिर्णित राहणे जवळपास अशक्यच.

इतिहास वाचण्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षेत्ररक्षकांचे क्रमांक, आणि ते मात्र पाठच करावेत. पिचर १, फलंदाजामागे बसणारा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, डावीकडचा सीमेजवळचा क्षेत्ररक्षक ७, मधला ८ आणि उजवीकडचा ९. हे क्रमांक खेळाडूच्या पाठीवरचे नसून जागांचे आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या सामन्याची गुणपत्रिकाही याच क्रमांकांत लिहिलेली असते, त्यामुळे एकदा ते लक्षात राहिले की जुना सामना कागदावरून वाचता येतो. पुढे चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग करायचा आहे.

आकडेवारीपैकी सुरुवातीला दोनच आकडे पुरेत. फलंदाजीची सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे किती वेळा फलंदाज चेंडू मारून बेसवर सुखरूप पोहोचला याचे प्रमाण. ०.३०० म्हणजे उत्तम फलंदाज. पिचरची सरासरी म्हणजे नऊ डावांमागे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या धावा. ती दोनच्या आत असेल तर तो हंगाम असामान्य समजावा.

स्पर्धेची रचना अशी : मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत, ते नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग अशा दोन गटांत विभागलेले आहेत, प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो आणि दोन्ही लीगचे विजेते ऑक्टोबरात सात सामन्यांच्या वर्ल्ड सीरिजमध्ये समोरासमोर येतात. डॉजर्स १८९० पासून नॅशनल लीगमध्ये आहेत.

दुसरी पायरी : कालक्रमाचा आराखडा मनात पक्का करा

या पायरीवर फार रेंगाळू नये. १८८३ ते १९५७ हा ब्रुकलिनचा काळ आणि १९५८ पासून पुढे लॉस एंजेलिसचा, एवढी मोठी विभागणी आधी ध्यानात घ्यावी. ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते आणि न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यावर त्याच्या वेगळेपणाची एकमेव सार्वजनिक खूण म्हणून हा संघच उरला, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या प्रेमाची तीव्रता समजण्यासाठी आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात संघाची नावे सतत बदलत. अनेक खेळाडूंची लग्ने एकाच सुमारास झाली म्हणून तो काही काळ ‘ब्राइडग्रूम्स’ होता, पुढे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन यांच्यावरून ‘रॉबिन्स’ झाला आणि रस्त्यावरच्या ट्रामगाड्या चुकवत चालणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून पडलेले ‘डॉजर्स’ हे नाव १९३२ पासून कायम झाले.

विजेतेपदांची वर्षे अशी : १९५५, १९५९, १९६३, १९६५, १९८१, १९८८, २०२०, २०२४ आणि २०२५. नऊपैकी केवळ एक ब्रुकलिनचे आहे. तरीही या संघाच्या स्मृतीत ब्रुकलिनला जे स्थान आहे ते उरलेल्या आठांनी मिळून पुसले गेलेले नाही. ते का, हे पुढच्या दोन पायऱ्यांवर कळेल.

तिसरी पायरी : १५ एप्रिल १९४७ पासून वाचायला लागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना घ्यायचे नाही असा अलिखित करार पाळला होता. कोणत्याही नियमपुस्तकात तो लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच तो मोडायला कुणी पुढे येत नव्हते. कृष्णवर्णीय खेळाडू स्वतःच्या नीग्रो लीगमध्ये खेळत आणि तिथला दर्जा मेजर लीगच्या तोडीचा होता.

डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांना ब्रुकलिनमधील आपल्या कार्यालयात बोलावले. ती भेट सुमारे तीन तास चालली असे सांगितले जाते. रिकी यांनी शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकाची, उद्दाम प्रतिस्पर्ध्याची, जेवण नाकारणाऱ्या हॉटेलवाल्याची सोंगे करून रॉबिन्सन यांची परीक्षा घेतली आणि सुरुवातीच्या काळात कितीही अपमान झाला तरी उलट उत्तर द्यायचे नाही असे वचन घेतले. १९४६ चा हंगाम रॉबिन्सन डॉजर्सच्या मॉन्ट्रियल येथील दुय्यम संघाकडून खेळले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर पहिल्या बेसवर उभे राहिले.

नवख्या वाचकाने इथे घाई करू नये. त्या हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्याविरुद्ध सह्या गोळा करण्याचा प्रयत्न केला होता आणि व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी तो रातोरात मोडून काढला होता. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याच एप्रिलमध्ये व्यवस्थापकाच्या पुढाकाराने त्यांच्यावर अश्लाघ्य शिव्यांचा वर्षाव केला. या सगळ्यात त्या वर्षी सुरू झालेला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार रॉबिन्सन यांनी मिळवला. १९४९ मध्ये ०.३४२ ची सरासरी आणि ३७ चोरलेले (फटका नसतानाच धावून गाठलेले) बेस अशी कामगिरी करून ते नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, आणि तोवर गप्प राहण्याचे वचनही संपले होते. त्यानंतरचे रॉबिन्सन पंचांशी वाद घालतात, वर्तमानपत्रांना सडेतोड उत्तरे देतात, निवृत्तीनंतर नागरी हक्कांच्या चळवळीत उतरतात. शांतपणे सोसणारा महापुरुष एवढीच त्यांची प्रतिमा रंगवणारे लेखन वाचले तर ते अर्धेच आहे असे समजावे.

रिकी यांच्याबद्दलही असेच सावध राहावे. त्यांची नैतिक तळमळ खरी होती, पण गुणी खेळाडूंचा एवढा मोठा साठा कुणी वापरत नाही हा व्यावहारिक हिशेबही त्यांच्या मनात होता. मोनार्क्स संघाला त्यांनी रॉबिन्सन यांच्यासाठी काहीही मोबदला दिला नाही आणि पुढे चांगले खेळाडू एकेक करून मेजर लीगमध्ये गेल्यावर नीग्रो लीग कोसळल्या. एका बाजूचे दार उघडले तेव्हा दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीयांच्या मालकीचा एक व्यवसाय बुडाला, हे दोन्ही एकत्रच वाचायला हवे.

रॉबिन्सन यांच्या पाठोपाठ कॅचर रॉय कॅम्पानेला आणि पिचर डॉन न्यूकम आले. कॅम्पानेला तीन वेळा, म्हणजे १९५१, १९५३ आणि १९५५ मध्ये, लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. शॉर्टस्टॉप पी वी रीस, मध्यभागी ड्यूक स्नायडर आणि पहिल्या बेसवर गिल हॉजेस यांच्यासह उभा राहिलेला हा संघ माझ्या मते डॉजर्सच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत जवळून ओळखावा असा संघ आहे.

चौथी पायरी : एक सामना कागदावरून पूर्ण वाचा

१९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. या सात वर्षी ब्रुकलिन वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचले आणि सातही वेळा हरले, त्यातल्या शेवटच्या पाच वेळा शेजारच्याच न्यूयॉर्क यांकीजकडून. शिवाय १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्याच जायंट्स संघाच्या बॉबी थॉमसन यांनी शेवटच्या डावात होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, मारून त्यांना वर्ल्ड सीरिजच्या दारातूनच परत पाठवले होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे ब्रुकलिनच्या चाहत्यांचे पालुपदच होऊन बसले होते.

अशा पार्श्वभूमीवर ४ ऑक्टोबर १९५५ चा सातवा सामना वाचावा. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर त्याची संपूर्ण गुणपत्रिका एकेका खेळीच्या क्रमाने उपलब्ध आहे. सहाव्या डावावर थांबा. डॉजर्स २-० ने पुढे आहेत, दोन्ही धावा हॉजेस यांच्या फटक्यांवर आलेल्या आहेत, आणि पिचर जॉनी पॉड्रेस यांनी चारच दिवसांपूर्वी तेविसावे वर्ष पूर्ण केले आहे. यांकीजचे दोन खेळाडू बेसवर आहेत, कुणीही बाद नाही, आणि फलंदाजीला योगी बेरा आले आहेत. बेरा डावखुरे, म्हणून क्षेत्ररक्षक उजव्या बाजूला सरकलेले. बेरांचा फटका मात्र उलट बाजूला, डाव्या सीमेच्या कोपऱ्याकडे वळत गेला.

आता गुणपत्रिकेत पाहा : ७-६-३. सात क्रमांकाच्या जागी क्यूबाचे सँडी अमोरोस होते. व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांनी त्यांना याच डावात आत आणले होते, कारण आधीच्या अर्ध्यात एक फलंदाज बदलल्यामुळे डावीकडच्या जिम गिलियम यांना दुसऱ्या बेसवर हलवावे लागले होते. गिलियम उजव्या हाताने फेकत, म्हणजे त्यांचा ग्लोव्ह डाव्या हातात. अमोरोस डावखुरे, म्हणून त्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात, नेमका सीमारेषेच्या बाजूला. लांबवर धावत त्यांनी हात पुढे केला, झेल घेतला, कुंपणापाशी स्वतःला सावरले आणि चेंडू रीसकडे फेकला. रीस यांनी तो हॉजेसकडे पाठवला आणि पहिल्या बेसवरून पुढे निघून गेलेला गिल मॅकडुगल्ड परत येण्याआधीच बाद झाला. एका फटक्यावर दोन बाद. सामना २-० असाच संपला आणि ब्रुकलिनला पहिले, शेवटचे, एकमेव विजेतेपद मिळाले. रॉबिन्सन त्या दिवशी खेळले नव्हते, हेही गुणपत्रिकेत दिसते. पण त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्यांनी बेरांच्या ग्लोव्हखालून घरचा बेस चोरला होता आणि बेरा तो निर्णय जन्मभर मान्य करायला तयार नव्हते.

हा सराव एकदा केला की जुन्या बेसबॉलची गोडी लागते. मग १९५६ चा पाचवा सामनाही वाचावा, ज्यात यांकीजच्या डॉन लार्सन यांनी याच डॉजर्सच्या एकाही फलंदाजाला बेसपर्यंत पोहोचू दिले नाही.

पाचवी पायरी : स्थलांतराकडे दोन्ही बाजूंनी पाहा

एबेट्स फील्ड १९१३ मध्ये बांधले गेले. जेमतेम ३२,००० माणसांचे ते मैदान इतके आटोपशीर होते की खेळाडूंची नावानिशी विचारपूस प्रेक्षकांतून होत असे. उजव्या बाजूच्या भिंतीखाली एब स्टार्क या कपडे विक्रेत्याची पाटी होती आणि जो फलंदाज तिच्यावर थेट चेंडू आदळेल त्याला एक सूट बक्षीस मिळणार असे तिच्यावर लिहिलेले होते.

१९५० मध्ये संघाची सूत्रे हाती घेणाऱ्या वॉल्टर ओ’मॅली यांना हे मैदान जुने आणि अपुरे वाटू लागले. लोक उपनगरांत राहायला गेले होते, मोटारीने येऊ पाहत होते आणि गाड्या लावायला जागा नव्हती. ओ’मॅली यांना ब्रुकलिनमध्येच अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या नाक्याजवळ स्वखर्चाने नवे मैदान बांधायचे होते, पण जागा शहराने संपादन करून द्यावी अशी त्यांची मागणी होती. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर पकड असलेले रॉबर्ट मोझेस त्याला तयार नव्हते. त्यांनी क्वीन्समधील फ्लशिंग मेडोज सुचवले आणि ओ’मॅली यांचे म्हणणे होते की तिथे गेलेला संघ ब्रुकलिनचा राहणार नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर डॉजर्सचा शेवटचा सामना झाला तेव्हा ६,७०२ प्रेक्षक उपस्थित होते. १९६० मध्ये मैदान पाडले गेले आणि तिथे निवासी इमारती उभ्या राहिल्या.

ब्रुकलिनच्या चाहत्यांनी ओ’मॅली यांना कधीच क्षमा केली नाही. अलीकडचे अभ्यासक मोझेस यांच्यावर अधिक दोष ठेवतात. नव्या वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात. माझे मत असे की मोझेस यांचा हट्ट खरा असला, तरी फायद्यात चालणारा संघ हलवण्याचा निर्णय शेवटी मालकाचाच होता. याच वेळी जायंट्सही सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि दोघांचे जुने वैर जसेच्या तसे पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. न्यूयॉर्कमध्ये मात्र १९६२ मध्ये मेट्स येईपर्यंत नॅशनल लीगचा एकही संघ उरला नाही.

सहावी पायरी : चावेझ रविन टाळू नका

ही पायरी अनेक उत्साही चाहते गाळतात. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीलगतच्या चावेझ रविन या डोंगराळ भागात ला लोमा, पालो व्हेर्दे आणि बिशप या तीन वस्त्यांत मुख्यतः मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत होती. १९५० मध्ये नगर गृहनिर्माण प्राधिकरणाने त्यांना पत्रे पाठवली की इथे सार्वजनिक घरे बांधायची आहेत, जागा सोडा, नव्या घरांत तुम्हाला प्राधान्य मिळेल. बहुतेकांनी मिळेल तो मोबदला घेऊन घरे सोडली. त्यानंतर साम्यवादविरोधी वातावरणात सार्वजनिक गृहनिर्माणच संशयास्पद ठरवले गेले, १९५३ मध्ये त्याविरुद्ध प्रचार करणारे नॉरिस पॉल्सन महापौर झाले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. घरे गेली, नवी घरे आली नाहीत, आणि रिकामी जमीन शहराच्या ताब्यात राहिली.

तीच जमीन शहराने ओ’मॅली यांना देऊ केली. जून १९५८ मध्ये यावर जनमत घेतले गेले आणि करार थोड्या फरकाने मंजूर झाला. ८ मे १९५९ रोजी शेवटच्या काही कुटुंबांना शेरीफच्या माणसांनी बळाने बाहेर काढले. आरेचिगा कुटुंबातील स्त्रीला उचलून नेतानाची दृश्ये दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांत सर्वांनी पाहिली. डॉजर्सनी या वस्त्या उठवल्या असे सरसकट लिहिले जाते ते तंतोतंत बरोबर नाही, कारण बहुतेक घरे संघ येण्याच्या कितीतरी आधी रिकामी झाली होती. पण ज्या अन्यायातून ती जमीन मोकळी झाली त्याचा लाभ संघाला मिळाला, आणि शहरातल्या मेक्सिकन समाजाने पुढची वीस वर्षे हे लक्षात ठेवले.

संघ १९५८ ते १९६१ या काळात कोलिझियम या प्रचंड क्रीडागारात खेळला. तिथे १९५९ च्या वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्याला ९२,७०६ प्रेक्षक आले होते. चावेझ रविनच्या त्या जमिनीवरचे डॉजर स्टेडियम १० एप्रिल १९६२ रोजी खुले झाले. आजही ते मेजर लीगमधील तिसरे सर्वांत जुने मैदान आहे. बॉस्टनचे फेनवे पार्क आणि शिकागोचे रिग्ली फील्ड एवढीच दोन त्याच्याहून जुनी आहेत.

सातवी पायरी : निवृत्त क्रमांकांच्या आधारे खेळाडू ओळखा

पुढील काळ मोठा आहे आणि नावे असंख्य, त्यामुळे निवड करण्यासाठी एक सोपी युक्ती वापरावी. डॉजर्सनी बारा क्रमांक कायमचे निवृत्त केले आहेत : १ रीस, २ लासोर्डा, ४ स्नायडर, १४ हॉजेस, १९ गिलियम, २० सटन, २४ ऑल्स्टन, ३२ कोफॅक्स, ३४ व्हॅलेन्झुएला, ३९ कॅम्पानेला, ४२ रॉबिन्सन आणि ५३ ड्रायस्डेल. प्रत्येकाचे एक चरित्रपर टिपण वाचले तरी इतिहासाचा कणा हाती येतो.

यांपैकी सँडी कोफॅक्स यांच्यावर अधिक वेळ द्यावा. ब्रुकलिनमध्येच जन्मलेला हा डावखुरा पिचर सुरुवातीची सहा वर्षे बेभरवशाचा होता, आणि त्यानंतरची चार-पाच वर्षे त्याच्यासारखा कुणी नव्हता. १९६३ च्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात त्यांनी यांकीजचे १५ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि डॉजर्सनी ती मालिका ४-० ने जिंकली. ९ सप्टेंबर १९६५ रोजी शिकागो कब्जच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना त्यांनी ओळीने बाद केले. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला म्हणून ते खेळले नाहीत, आणि सातव्या सामन्यात केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मिनेसोटाला एकही धाव न देता त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. १९६६ मध्ये २७ विजय आणि १.७३ ची सरासरी असताना, कोपराच्या संधिवातामुळे, वयाच्या तिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले.

व्यवस्थापकांविषयी एवढेच पुरे की १९५४ ते १९९६ या बेचाळीस वर्षांत बहुतांश काळ दोनच माणसांनी हा संघ चालवला. ऑल्स्टन यांनी एकेका वर्षाच्या तेवीस करारांवर, आणि त्यानंतर टॉमी लासोर्डा यांनी.

आठवी पायरी : १९८१ चा उन्हाळा आणि दोन आवाज

मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातल्या एत्चोवाकिला या खेड्यातून आलेले फर्नांडो व्हॅलेन्झुएला ९ एप्रिल १९८१ रोजी मुख्य पिचर जखमी झाल्यामुळे हंगामाचा पहिला सामना खेळले. वय वीस. त्यांनी ह्यूस्टनला एकही धाव दिली नाही. पहिल्या आठ सामन्यांत आठ विजय, त्यांपैकी पाच सामन्यांत शून्य धावा. चेंडू टाकण्याआधी आकाशाकडे वळणारी त्यांची नजर आणि उलट दिशेने वळणारा त्यांचा स्क्रूबॉल यांची चित्रफीत अवश्य पाहावी. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही सन्मान त्यांनाच मिळाले, आणि डॉजर्सनी वर्ल्ड सीरिजही जिंकली. चावेझ रविनच्या आठवणीने मैदानाकडे पाठ फिरवलेला मेक्सिकन समाज व्हॅलेन्झुएलांमुळे तिथे मोठ्या संख्येने आला. जुना घाव त्यामुळे भरला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण विस्थापितांची कुटुंबे आजही आपली मागणी मांडत आहेत. परंतु या मैदानाच्या प्रेक्षकवर्गाचा चेहरा मात्र त्या उन्हाळ्यापासून बदलला, हे निर्विवाद आहे.

याच पायरीवर दोन समालोचकांची ओळख करून घ्यावी. विन स्कली यांनी १९५० ते २०१६ अशी सदुसष्ट वर्षे डॉजर्सचे समालोचन केले. कोलिझियममध्ये मैदान फार दूर दिसे म्हणून प्रेक्षक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचा सामना स्कलींच्या आवाजात ऐकत. बेसबॉल कानाने शिकायचा असेल तर कोफॅक्स यांच्या १९६५ च्या त्या सामन्यातील शेवटच्या डावाचे स्कलींचे ध्वनिमुद्रण हा उत्तम पाठ आहे. हाइमे हारिन यांनी १९५९ ते २०२२ पर्यंत स्पॅनिशमध्ये तेच काम केले आणि व्हॅलेन्झुएलांचे दुभाषी म्हणूनही ते त्यांच्या शेजारी उभे असत.

नववी पायरी : १९८८ नंतरचा काळ

१५ ऑक्टोबर १९८८ चा वर्ल्ड सीरिजचा सामना पूर्ण पाहता येतो आणि तो पाहावाच. दोन्ही पाय दुखावलेले कर्क गिब्सन नवव्या डावात, दोन बाद असताना, ओकलंडच्या डेनिस एकर्स्लींसमोर लंगडत आले आणि होमरन मारून त्यांनी सामना ५-४ असा फिरवला. त्या मालिकेत ते पुन्हा फलंदाजीला आलेच नाहीत. त्यासोबत २५ ऑक्टोबर २०२४ चा सामना पाहावा : घोटा दुखावलेले फ्रेडी फ्रीमन, दहावा डाव, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले आणि यांकीजविरुद्ध सामना संपवणारा होमरन. वर्ल्ड सीरिजच्या इतिहासात अशा प्रकारे सामना संपण्याची ती पहिलीच वेळ होती. व्हॅलेन्झुएला यांचे निधन त्याच्या तीनच दिवस आधी झाले होते.

या दोन सामन्यांच्या मधला काळ झटपट वाचला तरी चालेल. १९९५ मध्ये हिदेओ नोमो यांच्या आगमनाने जपानचे दार उघडले. १९९८ मध्ये ओ’मॅली कुटुंबाने संघ विकला, त्यानंतरच्या दुसऱ्या मालकाच्या काळात तो २०११ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि २०१२ मध्ये गुगेनहाइम समूहाने तो सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतला. २०१३ पासून संघ जवळपास दरवर्षी आपल्या विभागात पहिला येऊ लागला, तरी २०१७ मध्ये तो अंतिम फेरीत ह्यूस्टनकडून हरला आणि नंतर त्या वर्षी ह्यूस्टनने प्रतिस्पर्धी कॅचर पिचरला करत असलेल्या गुप्त खुणा चोरल्याचे चौकशीत सिद्ध झाले. बत्तीस वर्षांची प्रतीक्षा २०२० मध्ये संपली. या सगळ्या काळाचा कणा म्हणजे २००८ ते २०२५ पर्यंत एकाच संघाकडून खेळलेले पिचर क्लेटन कर्शॉ.

ओतानींचा करार दहा वर्षांचा आणि ७० कोटी डॉलरचा आहे. त्यातले ६८ कोटी त्यांना कराराची मुदत संपल्यावर मिळणार आहेत, त्यामुळे संघाला आज इतर खेळाडू घ्यायला मोकळीक राहते. ही व्यवस्था नियमांत बसणारी आहे, पण लहान शहरांच्या संघांना ती परवडत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. तरीही १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी एकाच सामन्यात तीन होमरन मारले आणि पिचर म्हणून दहा फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. तो सामना पैशाच्या चर्चेपासून बाजूला काढून पाहावा.

दहावी पायरी : आता प्रत्यक्ष सामना पाहा

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळ सोयीची आहे. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी ७.१० वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला सुरू होतो. वर्ल्ड सीरिजचे सामने मात्र पहाटे साडेपाचच्या सुमारास असतात. सुरुवातीला सगळे १६२ सामने पाहण्याचा हट्ट धरू नये. जायंट्सविरुद्धची एक मालिका पूर्ण पाहावी, हातात कागद घेऊन ७-६-३ सारख्या नोंदी स्वतः कराव्यात. दुसरा दिवस १५ एप्रिलचा. त्या दिवशी मेजर लीगमधील प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचा अंगरखा घालतो. एरवी हा क्रमांक १९९७ पासून सर्वच संघांनी निवृत्त केलेला आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी गाडी न नेता युनियन स्टेशनवरून जावे. सामन्याचे तिकीट असणाऱ्यांसाठी तिथून डॉजर स्टेडियमपर्यंत मोफत बस असते. दरवाजे उघडताच आत जाऊन मध्यसीमेमागच्या चौकात रॉबिन्सन आणि कोफॅक्स यांचे पुतळे पाहावेत. रॉबिन्सन यांचा पुतळा बेस चोरताना घसरत येण्याच्या पवित्र्यात आहे. ते जवळच्या पॅसाडेनात वाढले, पण लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून कधीच खेळले नाहीत, कारण संघ हलण्याच्या आदल्या हंगामानंतरच त्यांनी खेळ थांबवला होता. बसण्यासाठी वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा घेतली तरी काही बिघडत नाही. तिथून क्षेत्ररक्षकांच्या हालचाली अधिक स्पष्ट समजतात आणि मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉलचे सामने याच मैदानावर होणार आहेत, आणि १९०० नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये परतणारे क्रिकेट त्याच महानगर परिसरातील पोमोना येथे खेळवले जाणार आहे. दोन्ही खेळ पाहण्याचा विचार असेल तर मुक्काम शहराच्या पूर्व भागात ठेवणे सोयीचे पडेल.